घमेल्यातलं नॅफ्थॉल

कॉलेज सुटून इतकी वर्षं झाली, पण शिरूरच्या स्टँडवर आमच्या बॅचचे दोघं जरी भेटले तरी चहा गार होतो आणि लॅबचे किस्से निघतात. जुने संपत नाहीत, दर वेळी एखादा नवा कुणाला तरी आठवतो. सगळे नव्वदच्या दशकाच्या शेवटचे, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे. आणि त्यातले बरेचसे शिवाचे.

शिवा भांडगावचा, शिरूरला मामाकडं राहायचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता जोडीला शेतीही. आदल्या वर्षी गडी प्रॅक्टिकलला नापास झाला होता. ‘यंदा सुटलास तर रांजणगावला कंपनीच्या लॅबला लाग, न्हाईतर गुमान घरी ये,’ असं त्याच्या आप्पांनी बजावलं होतं. त्यामुळे परीक्षा त्याची आणि काळजी आम्हा सगळ्यांना.

*

पहिल्याच प्रॅक्टिकलला केमिस्ट्रीच्या पवार मॅडमनी पाण्यात नॅफ्थॉलची पांढरी पूड टाकली. विरघळेना. मग कॉस्टिक सोडा ओतून हलवलं. पूड गायब, खाली स्वच्छ पाणी.

“कुठं गेलं?” मॅडमनी विचारलं.

“चोरीला गेलं, मॅडम,” शिवा म्हणाला.

मॅडमनी त्यात ॲसिड ओतलं. पांढरी पूड पुन्हा हजर.

“हे फिनॉलच्या जातीचं. म्हणजे अगदी सौम्य ॲसिड. कॉस्टिकसारखा जोरदार बेस भेटला की त्याचा क्षार बनतो आणि पाण्यात लपतो. ॲसिड घातलं की परत येतं.”

शिवानं मान डोलावली. “म्हंजी चोरीला न्हाई, चरायला गेलं व्हतं.”

*

आमची सुरेखा निमोण्याची. हिनं एकदा कॉस्टिकऐवजी खायचा सोडा घेतला आणि टेस्ट ट्यूब हलवत बसली. बाकीच्यांचं आवरलं, हिचं नॅफ्थॉल आपलं तळाशी बसलेलं.

मॅडम म्हणाल्या, “अगं, खायच्या सोड्याला ते दाद देत नाही. त्याला जोरदारच लागतं.”

“आमच्या आत्याबाईंसारखं हाय,” सुरेखा म्हणाली. “गोड बोलून हलायचं न्हाई.”

*

कॉस्टिकमध्ये विरघळलेल्या नॅफ्थॉलपासून भगवट नारिंगी रंग करायचा होता. त्याला बर्फ हवा. कॉलेजचा फ्रिज बंद, म्हणून आम्ही शेजारच्या रसवंतीवर गेलो.

“रस न्हाई, नुसता बर्फ?” रसवाले मामा वैतागले. “काय करताय एवढ्या बर्फाचं?”

शिवा म्हणाला, “मामा, दाखवतोच तुम्हाला.”

रंग असा उतरला की पवार मॅडमसुद्धा खिडकीपाशी नेऊन बघत राहिल्या. शिवानं त्यात आपला पांढरा रुमाल बुडवला, वाळवला आणि मामांना नेऊन दिला. मामांनी तो रसाच्या मशीनला बांधला. तेव्हापासून आमच्या बॅचला बर्फ कधी कमी पडला नाही.

*

माझ्या आबांची दाढ ठणकत होती. आठवडे बाजारातून लवंगाचं तेल आणलं, पण फरक शून्य. शिवा म्हणाला, “आण इकडं. लवंगाच्या तेलात जास्त करून फिनॉलच्या जातीचंच असतं, मॅडमनी सांगितलंय.”

त्यानं तेलात कॉस्टिक घालून हलवलं. अस्सल असतं तर जवळजवळ सगळं विरघळलं असतं. इथं निम्म्याहून जास्त वर तरंगत राहिलं.

आम्ही ट्यूब घेऊन थेट तेलवाल्यापुढं उभे राहिलो.

“काका, खाली विरघळलंय ती लवंग,” शिवा शांतपणे म्हणाला. “वर तरंगतंय ते तुमचं.”

काकांनी इकडंतिकडं बघितलं आणि मागच्या पेटीतली दुसरी बाटली काढून दिली. त्या रात्री आबा घोरले.

*

आणि आता परीक्षा.

प्रत्येकाला एक मिश्रण दिलेलं, त्यातले दोन पदार्थ वेगळे करायचे. स्टॉकमध्ये फिनॉलपैकी एकटं नॅफ्थॉलच उरलं होतं, म्हणून ते सगळ्यांच्या मिश्रणात. शिवानं कॉस्टिक घातलं, गाळलं, कागदावर राहिलेलं जपून ठेवलं. आणि खालचं पाणी, हातच्या सवयीनं, बेसिनमध्ये ओतलं.

ओतलं आणि जागच्या जागी थिजला. नॅफ्थॉल त्या पाण्यातच होतं! मला त्याच्याकडं बघवेना.

पण आमच्या बेसिनचा पाइप वर्षभर तुटलेला. खाली प्लॅस्टिकचं घमेलं ठेवलेलं. त्यात त्या दिवशी सगळ्या बॅचच्या नॅफ्थॉल चिकटलेल्या गाळण्या कॉस्टिकनं धुतलेलं पाणी साठलं होतं. टाकीला पाणी नसल्यामुळे बाकी काहीच नव्हतं.

शिवा खाली वाकला. घमेलं टेबलावर घेतलं आणि ॲसिडची बाटली रिकामी केली. घमेलं पांढरंफेक झालं. गाळलं, धुतलं, वाळवलं, मेल्टिंग पॉइंट काढला. तंतोतंत बरोबर.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पूड तराजूवर ठेवली. काट्याकडं बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. पवार मॅडम छताकडं बघत होत्या.

“पदार्थ बरोबर, शुद्ध आहे. पास करतो तुला,” ते म्हणाले. “पण मी दिलं होतं त्याच्या दुप्पट आलंय हे. कसं काय?”

शिवा हात मागं बांधून उभा होता.

“सर, आमच्याकडं सकाळी मोजून सोडलेली मेंढरं सांजच्याला कोकरं घिऊनच येत्यात.”