येवढंच रगत

मी सांगलीला एका प्रयोगशाळेत रक्त काढायच्या कामाला होते, तेव्हाची गोष्ट. मी साताऱ्याकडची, उसाच्या गावातली, फौजी बापाची लेक. आवाज बापाचा आणि जीभ आईची, असं घरात म्हणायचे. पण हात हलका होता. पोर रडायला तोंड उघडायच्या आत सुई बाहेर आलेली असायची, म्हणून आमचे डॉक्टर माझं तोंड सहन करायचे.

डॉक्टरांनी एकच ध्यास घेतला होता. फेफरं येणाऱ्या पोरांच्या रक्तातली प्रथिनं इतर पोरांपेक्षा वेगळी असतात का, हे त्यांना बघायचं होतं. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं. त्याचा थेंब मी कागदाच्या पट्टीवर ठेवायची, पट्टीतून वीज सोडायची आणि मग ती रंगात बुडवायची. कागदावर निळे पट्टे उमटायचे, लुगड्याच्या काठासारखे, काही जाड काही बारीक. फेफऱ्याच्या पुष्कळ पोरांचा शेवटचा पट्टा फिका यायचा. तो आजारानं फिका होतो की आजारावरच्या गोळ्यांनी, तेच कळत नव्हतं. कळून घ्यायचं तर गोळ्या बंद करून बघायला हवं, आणि गोळ्या एकदम बंद केल्या तर पोर हातचं जायचं. ‘हा प्रश्न असाच राहणार,’ असं म्हणून डॉक्टर सुस्कारा सोडायचे. त्या सुस्काऱ्याची मला चीड यायची. राहू दे की प्रश्न, पोरं जगताहेत ना?

उन्हाळ्याच्या तोंडाला आटपाडीकडचा एक मेंढपाळ आपल्या लेकीला खांद्यावर टाकून आला. सात-आठ वर्षांची पोर. पोटावर बिब्ब्याचे डाग, कुणीतरी फेफरं उतरवायला दिलेले. एकदा चुलीत पडली होती, त्यात डाव्या हाताची बोटं आखडली होती. तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्यापासून पडणं जवळजवळ थांबलं होतं, पण पोर दिवसभर पेंगायची. मी सुई घातली तरी तिनं डोळे नीट उघडले नाहीत.

बापानं नळीतलं रक्त निरखून बघितलं. “येवढंच?” तो म्हणाला.

“मग काय बादलीभर काढू? पोर आहे ती.”

तो रागावला नाही. “तसं न्हवं, बाई. आमच्यात मेंढरू जाग्यावर गरगरा फिराय लागलं, की त्येच्या कानाला चीर देत्यात. नासकं रगत वाहून गेलं की गुण येतोय.”

“दादा, हे मेंढरू नाही.”

“त्ये बी माझंच आन् ही बी माझीच,” तो म्हणाला, आणि मला हसू आलं. मग मी त्याला दिवाळीपर्यंत पुरेल एवढं गोळ्यांचं पाकीट दिलं आणि दटावून सांगितलं, रोज रात्री एक, एक दिवस चुकवायची नाही; एकदम बंद केल्या तर पोर पडेल ती उठायची नाही. “व्हय, बाई,” तो म्हणाला. पुन्हा सांगितलं, पुन्हा “व्हय, बाई.”

दिवाळीच्या आधी दुसऱ्यांदा रक्त घ्यायचं होतं. तो न बोलावता, ठरल्या दिवशी हजर. या खेपेला पोर खांद्यावर नव्हती, उड्या मारत आली. आल्या आल्या तिनं मला नव्या बांगड्या दाखवल्या, मग खिडकीत चढून बसली. खाली उतर म्हटलं तर जीभ काढून दाखवली. मला ती फार आवडली.

“रगत काढल्यापास्नं लय सुधारली बघा,” बाप म्हणाला.

“गोळ्या चालू आहेत ना?”

“हायत की.” त्यानं स्वतःच तिचा हात धरून पुढं केला. “आज जरा जादा काढा.”

त्या रक्ताची पट्टी वाळल्यावर डॉक्टर खिडकीशी घेऊन गेले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. शेवटचा पट्टा चांगला ठसठशीत उमटला होता. त्यांचा चेहरा उजळला होता. “बघ तरी, फिका होता तो पट्टा भरून आलाय. का भरला असेल?”

“का म्हणजे? ती पोर गोळ्या खात नाही,” मी म्हणाले.

त्यांच्या हातातली पट्टी तशीच राहिली. इतक्या दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर हातात होतं आणि ते त्यांना नको झालं होतं. “पहाटेची एसटी गाठ,” ते म्हणाले.

आटपाडीहून वस्तीपर्यंत चालत जायचं होतं. उन्हं कलायच्या आत पोचले. अंगणात बायका बसल्या होत्या आणि कुणी बोलत नव्हतं, तेव्हाच मला कळलं. आदल्या दिवशी सांजेला तिला झटका आला होता. एक थांबायच्या आत दुसरा. वहाण हुंगवली, कांदा फोडून नाकाशी धरला. शेवटी गाडी जुंपली, पण आटपाडीच्या वाटेवरच ती गेली. मी पोचायच्या आत तिला पुरूनही आले होते.

तिच्या आईनं गोळ्यांचं पाकीट आणून माझ्यापुढं ठेवलं. ते देव्हाऱ्यात, भंडाऱ्याच्या डबीशेजारी, जपून ठेवलेलं होतं. “पोर नुसती झोपून ऱ्हायची, बाई,” ती म्हणाली. “हे म्हणले, आता रगत काढलंय, मग गोळ्या कशापायी?”

मला त्या माणसाचा असा संताप आला, की समोर आला तर काय बोलेन याची मलाच भीती वाटली. आणि तो आलाच. धाकट्या लेकीला कडेवर घेऊन आला, माझ्यापुढं उकिडवा बसला आणि तिच्या झबल्याची बाही वर सारली.

“हिचं बी काढा, बाई,” तो म्हणाला. “हिला अजून काय न्हाई, पर आदीच काढा. तिचं लय थोडं काढलंसा.”

त्यात बोल लावणं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्याच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं, की दादा, रक्त काढल्यानं फेफरं जात नाही. गुण गोळ्यांचा होता. रक्त आम्ही नुसतं बघायला घेतो, त्यानं पोराला काही होत नाही, बरंही नाही आणि वाईटही नाही.

समजलं त्याला, सगळं समजलं.

“मग तिचं काढलंसा कशाला?” त्यानं विचारलं, आणि धाकटीची बाही खाली ओढली.