लेखकाच्या ओट्यावरची कथा

“बाय, आधी नीट बघ, मंग बोल!” पाटी ओट्यावर टेकवून आमची मासळीवाली कमरेवर हात ठेवायची. डहाणूच्या आमच्या गल्लीत तिच्याशी घासाघीस करायची कोणाची छाती नव्हती. एकानं पापलेट शिळं म्हटलं, तर “तुजा नाक शिळा हाय,” असं ऐकवून तिनं ते त्याच्याच नाकाखाली धरलं.

गल्लीत एक लेखक राहत. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला त्यांची कथा दिवाळी अंकात आली. तरुण विधवा कोळीण सुकत घातलेल्या बोंबलांआड एका सभ्य गृहस्थाला भुलवते आणि पश्चात्तापानं समुद्रात जीव देते. गालावरच्या चामखिळीसकट ती आमचीच मासळीवाली होती. कथा कोळीवाड्यात पोचली आणि तिच्या दिरानं तिचा बाजार बंद करायचं ठरवलं.

ती अंक घेऊन माझ्याकडे आली. “समदी वाच.”

मी वाचली.

“माजा हात त्यानं धरला,” ती म्हणाली. “आनि मरनार मी?”

तिनं जाब विचारला, तर लेखक हसले. “तुझं नाव कुठं आहे त्यात? कल्पना आहे ती.”

“बरा,” ती म्हणाली.

घेणारणीच्या दारात बसून मासे साफ करून द्यायची आमच्याकडे पद्धत. लेखकांची बायको तिचं रोजचं गिऱ्हाईक, तेव्हा मासळीवालीला लेखकांच्या ओट्यावरून उठवणार कोण? खवले काढता काढता ती सांगू लागली, “एक लेखक व्हता...” ऐन रंगात पाटी उचलायची. “ऱ्हायलेला उद्या!” गल्लीतल्या बायका भांडी तशीच टाकून धावत येऊ लागल्या. मग कोळीवाड्यातल्याही आल्या. दिराची बायको सर्वांत पुढे.

अखेर लेखक दारात आले. “बंद कर हे!”

“कल्पना हाय, साहेब.”

त्यांची बायको त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “तू सांग गं. त्यानं हात धरला, मग?”

“मंग तिनं बोंबील त्याच्या थोबाडावर हानला. सुका व्हता, मोडला. म्हनून दुसरा घेतला.”

लेखकांचा तो चेहरा आठवला की मला अजून गोड वाटतं. का वाटू नये?

“आणि ती मेली?” लेखकांच्या बायकोनं विचारलं.

“ती कशाला मरते? मासळी इकते.”

खुद्द बायकोच गोष्ट ऐकून आल्यावर दिरानं हट्ट सोडला, तिचा बाजार चालू राहिला. लेखकाचं तोंड नको म्हणून आमच्या गल्लीत मात्र तिनं पुन्हा पाय ठेवला नाही. तिच्यावाचून गल्ली मुकी झाली. मासळीला आम्हीच बंदरावर जाऊ लागलो. लेखकांची बायकोही येई. ती मासे तसेच घरी नेई आणि विळीसकट नवऱ्यापुढे ठेवी.

“करा साफ,” म्हणे.