पंपघराच्या भिंतीवरची नहर

फ्लेक्स आले आणि आम्ही बोर्ड रंगवणारे घरी बसलो. त्यानंतर कित्येक वर्षांनी महापालिकेचं एक काम मिळालं. मुकुंदवाडीत, आमच्याच वस्तीतल्या पाण्याच्या टाकीखालचं पंपघर रंगवायचं. नुसता रंग नाही, चित्र. इंजिनिअर साहेबांना धबधबा हवा होता आणि बाजूला मोर. मी म्हटलं, धबधबा इथं कुणी पाहिलाय? आपल्या शहराला पूर्वी पाणी आणणारी जुनी नहर काढतो. साहेब फोनवर होते. त्यांनी मान हलवली आणि मी तो होकार समजलो.

जन्मभर दुकानांच्या पाट्यांवर दुसऱ्यांची नावं लिहिली. इथं पहिल्यांदा चित्राखाली माझं नाव येणार होतं. ते माझ्या डोक्यात गेलं होतं, हे आता कबूल करतो.

पंपघराच्या दाराशेजारी चुन्याची पांढरी भिंत होती. कोणत्या गल्लीला कोणत्या दिवशी पाणी, हे व्हॉल्व्ह सोडणारा लाईनमन तिच्यावर खडूनं लिहायचा. आमच्याकडे नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्यात वारही बदलतो. त्यामुळे येता-जाता सगळी वस्ती ती भिंत वाचायची. मीही वाचायचो. आणि मीच पहिल्या दिवशी ओलं फडकं घेऊन ती पुसली.

लाईनमन आला तेव्हा मी शिडीवर होतो.

"पेंटर, मंग लिहू कुठं?"

"कुठं पण लिहा, इथं नाय. चित्र खराब होईल."

त्यानं खडू खिशात टाकला. तेव्हापासून तो भेटेल त्याला तोंडीच सांगू लागला.

तीन भिंतींवरून मी नहर वाहती केली. दाराशेजारी काढलेल्या कमानीखालच्या पाण्यात माझा जीव अडकला होता. त्यातली सावली जमेपर्यंत चारदा खरवडून काढली. खाली नाव घातलं, वरून वॉर्निश मारलं. उद्घाटनाला साहेब आले, फोटो काढले आणि मोर कुठंय विचारून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात समोरच्या गल्लीतली बाई आमच्या दारात आली. ती कंपनीत कामाला जाते, घरी सासू अंथरुणाला खिळलेली. त्यांची पाळी मंगळवारची, पाणी आलं सोमवारी, आणि लाईनमनची नि तिची गाठच पडली नव्हती.

"भाऊ, नहर लई छान काढली तुम्ही," ती म्हणाली. "पण आमचं पाणी येऊन गेलेलं कळलंच नाय. सासूबाईंचं अंथरूण धुवायचंय. दोन घागरी मिळतील का?"

भांडली असती तर बरं झालं असतं. बायकोनं आमच्या ड्रममधून घागरी भरून दिल्या. मला शरम वाटली, पण त्याआधी राग आला. साहेबांचा, लाईनमनचा, त्या बाईचासुद्धा. जन्मात एक भिंत मिळाली, तीही यांना पाटीसाठीच हवी.

दुसऱ्या दिवशी काळा ऑइलपेंट घेऊन लाईनमनला गाठलं. "मागच्या भिंतीवर फळा करून देऊ का?"

"मागं कोण जातंय? दारापाशीच पाहिजे. गाडीवरून जाणाऱ्याला बी दिसलं पाहिजे."

वॉर्निशवर रंग धरत नाही, म्हणून कमानीखालचं पाणी आधी पॉलिश पेपरनं घासलं. मग त्यावर काळा चौकोन ओढला. माझं नावही त्यातच गेलं. रंग वाळल्यावर लाईनमननं खडू माझ्याच हातात दिला. "तुमचं अक्षर चांगलंय, तुम्हीच लिहा."

मी लिहीत असतानाच मागं बायका जमल्या. चित्र काढल्यापासून त्या भिंतीपुढं वस्तीतलं कुणी थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. वाचलं आणि आपापल्या वाटेनं गेल्या.

आता रोज सकाळी लाईनमन सांगतो आणि मी लिहितो. परवा वस्तीत नवीन राहायला आलेल्या एकीनं विचारलं, "काका, या फळ्याखाली आधी काय होतं?"

"काय नाय," मी म्हटलं, "चुन्याची भिंत होती."