टपाच्या उंचीचा ओटा

माझ्या मावशीचं अर्धं आयुष्य लोकांना मोटार शिकवण्यात गेलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखाली जादा ब्रेक ठेवायचा आणि शिकणारा भिंतीला भिडायला आला तरी तोंडातून ब्र काढायचा नाही, ही तिची पद्धत. गावात तिला सगळे ब्रेकमावशी म्हणतात. निवृत्त झाल्यावर तिनं स्वस्थ बसावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. तिनं गाडीच्या टपावर तंबू बसवून घेतला आणि काकांना घेऊन परदेशांत हिंडायला लागली. काका गेल्यावरही ते हिंडणं थांबलं नाही.

यंदा मी तिच्याबरोबर गेले, ती काही निव्वळ हौसेनं नाही. तिच्या मुलानं, माझ्या मावसभावानं, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आईचा गुडघा गेलाय, पण ती कबूल करत नाही. तिला शिडी चढता येते का तेवढं बघ आणि मला खरं काय ते सांग. जमत नसेल तर तंबू विकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे." म्हणजे वरून मी सोबतीण आणि आतून हेर. मला ते काम आवडलं नव्हतं, पण दादाची काळजीही खोटी नव्हती.

टपावरचा तंबू म्हणजे एक चपटी पेटी. कड्या काढल्या की झाकण आपोआप वर उचललं जातं, आत गादी तयारच असते. बाजूला शिडी अडकवायची आणि वर जायचं. मांडायला सोपा, पण त्यात एक मेख आहे. एकदा उघडला की गाडी हलवता येत नाही. दूध आणायचं राहिलं तर पायी जा. म्हणून मुक्कामाची जागा निवडताना चुकून चालत नाही.

मावशी तर जागा अशी निवडायची की पोरीसाठी स्थळ बघतेय असं वाटावं. पहिल्याच संध्याकाळी आम्ही एका तळ्याकाठी पोचलो. मऊ गवत, समोर डोंगर, माणसाचा मागमूस नाही. मी बूट काढायला लागले. मावशीनं काच खाली करून डावी-उजवीकडे पाहिलं आणि पुन्हा गिअर टाकला.

"इथे काय वाईट आहे?" मी विचारलं.

"सपाट आहे," ती म्हणाली.

झोपायला सपाट जागा नको असणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. शेवटी ती थांबली कुठे, तर रस्ता रुंद करताना कापलेल्या मातीच्या बांधाशी. गाडी बांधाला इतकी खेटून लावली की मधून मांजर गेलं नसतं. मग मागच्या उतारानं सावकाश बांधावर गेली, लांब पिशवीतून एक फळी काढली, बांधावरून टपावर टाकली आणि चालत तंबूत शिरली.

"शिडी नाही लावायची?"

"एवढ्यासाठी शिडी कशाला काढायची?"

पुढेही तेच. कधी नदीचा दगडी धक्का, कधी पडक्या पुलाचा भराव. एकदा रीतसर कॅम्पिंगच्या मैदानात गेलो, तर तिथला व्यवस्थापक अडून बसला. तंबू असेल तर गवतावर, गाडी असेल तर डांबरावर. मावशीनं माझ्या तोडक्यामोडक्या भाषांतरातून त्याला विचारलं, "गाडी डांबरावर राहील, तंबू हवेत राहील. हवेला काही नियम आहे का?" त्यानं हात टेकले. मावशीनं मग सगळं मैदान सोडून धोबीखान्यामागची जागा घेतली, कारण तिथे टपाच्या उंचीची, मागून उतार असलेली गच्ची होती. रात्रभर कपडे धुण्याची यंत्रं घरघरत होती. मी मनातल्या मनात तिला बरंच काही बोलले. पण ती शिडी का काढत नाही, याचा ताकास तूर लागू देत नव्हती.

मग तो सपाट देश आला. सीमा ओलांडली तेव्हापासून टेकाड म्हणून दिसलं नाही. दोन्हीकडे शेतं, मधून सरळ रस्ता. मावशी एकेक जागा बघून पुढे जात होती. दिवस कलला. मला भूक लागली होती, आणि भूक लागली की माझं डोकं फिरतं.

"बस झालं हे," मी म्हटलं. "थांबव गाडी आणि काढ ती शिडी."

तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "शिडी नाहीये."

"विसरलीस?"

"ठेवून आले. कपाटामागे." ती समोर रस्त्याकडे बघत होती. "मला चढवत नाही आता. शिडी बरोबर असती तर एखाद्या दिवशी दमून मीच म्हटलं असतं, आज चढूया. आणि पडले असते. परक्या मुलखात तुझ्या गळ्यात पडायचं? शिडीच नाही म्हटल्यावर जागा शोधावीच लागते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. नाचता येईना म्हणून अंगणाला वाकडं म्हणणारे मी ढीगभर पाहिलेत. नाचता येईना म्हणून आपल्याला जमेल असं अंगण देशोदेशी शोधत फिरणारी ही एकटीच.

"मग आता गं?"

"आता डोकं चालवायचं. मुलूख सपाट असला म्हणून ट्रक काय आडवे पडून माल घेतात? जिथे पीक आहे तिथे माल चढवायला ओटा असणारच."

पुढच्याच गावात बटाट्याची वखार लागली. पुढे सिमेंटचा लांब ओटा, मागून हातगाड्यांसाठी उतार. मालक शटर ओढत होता. आमच्या दोघींच्या भाषा त्याला येत नव्हत्या. मावशीनं गालाखाली हात घेऊन झोप दाखवली, टपाकडे बोट केलं, ओट्याकडे केलं, आणि मग स्वतःच्या गुडघ्यावर दोनदा थापटलं. पोटच्या पोरासमोर कधी कबूल न केलेला गुडघा तिनं अनोळखी माणसाला सहज दाखवला. त्यानं विजारीचा पाय वर केला. त्याच्याही गुडघ्याला पट्टा होता.

मग काय, शटर पुन्हा उघडलं. ओटा टपापेक्षा हातभर कमी होता, म्हणून त्यानं बटाट्याचे दोन खोके पालथे घालून पायरी केली. गाडी मागे घेताना तो हात हलवून मावशीला वळण दाखवायला लागला, तेवढं मात्र तिला आवडलं नाही.

सकाळी मी ओट्यावर चहा ठेवला आणि दादाचा फोन आला.

"अगं, शिडी इथे आहे," तो घाबरून इतक्या मोठ्यानं म्हणाला की मावशीलाही ऐकू गेलं. "आता कपाट सरकवलं तर मागे सापडली. आई वर चढते कशी?"

मावशी खोक्यावर बसून दोरी गुंडाळत होती. तिचे हात थांबले. खोटं बोल असं तिनं खुणेनंही सुचवलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"दादा, मावशीला शिडी चढता येत नाही," मी म्हटलं. मावशीनं मान खाली घातली. "आणि ते तिला तुझ्याआधी कळलंय. म्हणून ती रोज टपाच्या उंचीची जागा शोधते आणि चालत तंबूत जाते. मी इतके दिवस बघतेय."

"आणि एखाद्या दिवशी नाही मिळाली तर?"

"काल मिळत नव्हती. मिळेपर्यंत ती थांबली नाही. घाई मी करत होते, ती नाही."

तंबूला गिऱ्हाईक तयार आहे, हे मला आठवत होतं. मावशीलाही बहुतेक कुठून तरी कळलेलं असावं, कारण तिनं दोरी घट्ट धरली होती.

"मग," दादा शेवटी म्हणाला, "ही शिडी विकून टाकू का?"

मी फोन मावशीच्या कानाला लावला आणि त्याला पुन्हा म्हणायला सांगितलं. तिनं ऐकलं. डोळे पुसले, नाक ओढलं.

"विकू नको," ती म्हणाली. "माळ्यावर पसारा पडलाय, मी येईपर्यंत ती लावून तेवढा आवर."