स्वागताचा फलक
मला लिहिण्याचा अधिकार नाही, तरी लिहितोय, माफ करा. यवतमाळच्या वसतिगृहात आज दारांना रंग देत होते आणि त्या वासाने शाळेतला एक दिवस आठवला. सभेला मुलं सोडली नाहीत म्हणून आमच्या गावच्या नेत्यांनी वर्गात, आमच्यासमोर गुरुजींचा हात मोडला होता. नेते जामिनावर सुटले, तेव्हा स्वागताचा फलक रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मी नाही म्हणताच बाबा चिडले, "तुले साप चावला तवा दवाखान्यात न्यायले गाडी कोनं पाठवली? तुह्या गुरुजीनं?" मी रंगवायला बसलो. प्लास्टरमधला हात सांभाळत गुरुजी तिथून जाताना थांबले. "अक्षर सुधारलं रे तुझं," म्हणाले. आज संध्याकाळी वसतिगृहावर बाबांचा फोन आला. आमच्या वर्गातलं कोणीच साक्षीला गेलं नाही, नेते निर्दोष सुटले.