उपाशी माणसाचा केसपेपर

बालाजीने दात घट्ट मिटून घेतले होते. मी ग्लुकोजचा ग्लास त्याच्या ओठांना लावत होते आणि तो मान फिरवत होता. अंग घामाने चिंब. रक्तातली साखर अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली गेली की आम्हा नर्सची धावपळ सुरू होते.

"कंपनीचं काईच घेणार नाही," तो पुटपुटला. "बहिष्कार आहे."

चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या दवाखान्यात मी नर्स आहे. पगारवाढीचा करार अडला होता, म्हणून युनियनने कॅन्टीन बहिष्कार पुकारला होता. म्हणजे काम पूर्ण करायचं, पण कंपनीच्या अन्नाला शिवायचं नाही. तो तिसरा दिवस. शेजारच्या निघोजे गावच्या परमनंट लोकांना घरून डबे यायचे. बालाजी उदगीरचा ट्रेनी, तिघांबरोबर खोली करून राहणारा. त्याचं दोन्ही वेळचं जेवण कॅन्टीनमध्येच, त्याला डबा कोण देणार? त्यात पुढच्या महिन्यात परमनंटची यादी लागणार होती आणि त्यातली नावं युनियन सुचवायची. जो जेवेल त्याचं नाव जाईल, हे कोणी न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं.

मी सरळ युनियनचे अध्यक्ष सोपानभाऊ यांना फोन लावला. ते गेटवर भाषण करत होते. पंचायत समितीला उभं राहायचं होतं, त्यामुळे भाषणं रोजचीच. पाच मिनिटांत आले.

"ताई, आमचा माणूस फोडायचा न्हाई हां."

"भाऊ, फोडत नाहीये, वाचवतेय. हे औषध आहे, जेवण नाही. तुम्हीच सांगा त्याला."

त्यांनी बालाजीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "पी रं बाबा. आमी सांगतोय, पी."

तेव्हा कुठे तो प्यायला.

पंधरा मिनिटांनी तो नीट बोलू लागला. मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेली, पोटात आदल्या संध्याकाळपासून काही नाही. आणि मधुमेह त्याने भरतीच्या वेळी लपवलेला.

तेवढ्यात एचआर मॅनेजर आत आले. "सिस्टर, केसपेपरवर लिहा, युनियनने जबरदस्तीने उपाशी ठेवलं. मला आजच या अध्यक्षांचं सस्पेन्शन लेटर काढायचंय."

"आन् म्या सांगतो, कामाच्या ताणानं पडला आसं लिवा," सोपानभाऊ म्हणाले. "उद्याच्या सभेत कागद दाखवायचा हाय."

दोघे खाटेच्या दोन बाजूंना उभे. मधल्या माणसाला कसं वाटतंय, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मला असा संताप आला की दोघांनाही बाहेर काढलं.

दार लागल्यावर बालाजीने माझा हात धरला. "सिस्टर, शुगर लिहू नका. मेडिकलमधी उडवतील मला. लेकरू शाळंत घातलंय आत्ताच."

तो प्रेसवर होता. ते मशीन पत्रा दाबून आकार देतं. समोर उभ्या माणसाला चक्कर आली तर हात राहत नाही. मी केसपेपर पुढे ओढला. मग लिहिलं: साखर अठ्ठेचाळीस, गोळी घेतलेली, पोट रिकामं. प्रेसवर ठेवू नये. उपचार चालू ठेवून दुसरं काम द्यावं. खाली सही केली.

करार झाला. पेढे वाटले, गुलाल उधळला. सोपानभाऊ निवडूनही आले. परमनंटच्या यादीत बालाजी नव्हता. एचआरचा शेरा होता, मेडिकली अनफिट. 'दुसरं काम द्यावं' ही माझी ओळ कोणी वाचलीच नव्हती.

मी तणतणत सोपानभाऊंकडे गेले. "तुम्ही का नाही भांडलात?"

"ताई, आमी नाव दिलं हुतं. कागदावर सही तुमची हाय."

खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

काही महिन्यांनी बालाजीचा फोन आला. पलीकडच्याच कंपनीत कंत्राटावर लागला होता. आवाजात राग नव्हता. "हितं मेडिकलला विचारलं, तर मला काईच आजार नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला.

"काम कुठलं?"

"प्रेसवरच, सिस्टर."

खिशात साखरेची पुडी ठेवत जा, एवढंच मला सुचलं. खरी नोंद केली की अपघात टळतो, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. आमच्या कंपनीतला टळला, एवढं खरं.