उजव्या बाजूची सीट

उमरग्याला मास्तर म्हणून आलो तेव्हा शेजारच्या ओव्हरसियरसाबांचे तळपाय मला आधी भेटले, चेहरा बऱ्याच दिवसांनी. उभ्या तालुक्यात इतके बोलके तळपाय दुसऱ्या माणसाला नसतील, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. दर रविवारी साब जीपखाली उताणे असायचे आणि बाहेर राहिलेल्या बोटांवरून आत काय चाललंय ते गल्लीला कळायचं. नट सुटला की अंगठे ताठ व्हायचे. पाना निसटून कपाळावर पडला की सगळी बोटं एकदम मिटायची. मी पहिला नमस्कार त्या पायांनाच केला, आणि उजव्या अंगठ्यानं तो घेतला.

जीप लढाईतली, फौजेच्या डिस्पोजलच्या लिलावात घेतलेली. हैदराबाद राज्य मोडून आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्या धामधुमीत साबांची पेन्शन झाली; तलावांच्या बांधांवरून हिंडायची सवय मात्र नोकरीतच राहिली, तिच्यासाठी ही जीप. ओढा असो, नांगरट असो, ती बैलासारखी निघायची आणि डांबरी सडकेवर आली की नव्या नवरीसारखी अडायची. दर रविवारी तिला काही ना काही दागिना मिळे. मोडीतल्या बसचा भोंगा मिळाला, तंबूच्या कापडाचं टप मिळालं, मागच्या दिव्याच्या जागी एक कंदीलही काही दिवस लटकला. साबांच्या मते ही सुधारणा होती. कंदील विझला की साब खाली उतरून काडी ओढत, आणि त्याला ते दुरुस्ती म्हणत.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी सुधारली नव्हती. अमेरिकन फौजेच्या रिवाजानं जीपचं स्टेअरिंगचं चाक डावीकडं होतं. पुढची गाडी मागं टाकायची तर आपल्याकडं उजवीकडून निघावं लागतं, आणि डावीकडं बसलेल्याला समोरून काय येतंय ते दिसत नाही. म्हणून उजव्या सीटवर दुसरा माणूस हवाच. तो माणूस म्हणजे साबांची बीबी, गल्लीची चाची. वाऱ्यानं उडू नये म्हणून पदर दातात धरून ती बाहेर झुकायची, सडक नीट न्याहाळायची, मग बोलण्यापुरता पदर सोडून म्हणायची, "मोकळा है जी, चलो." हे ऐकल्याशिवाय साबांनी कधी सायकलसुद्धा मागं टाकली नाही.

चाची माहेरी नळदुर्गला गेली ती साध्या तापाचं निमित्त होऊन तिकडंच गेली. तिथंच तिची मजार झाली. जीप दारातच उभी राहिली. साबांना नळदुर्गला जायचं होतं, पण जीपनंच. एस.टी.चं नाव काढलं की म्हणायचे, "ती कधी बसनं गेली न्हाय. मी कसा जाऊ?" आणि जीपखाली शिरायचे. बिघडलेलं काही नसायचं, तरी खोलायचे. सुटे भाग चाचीच्या पानदानात ठेवायचे: बोल्ट सुपारीच्या कप्प्यात, वायसर लवंगांच्या. पुढंपुढं जीपच्या बोल्टांना काताचा वास यायला लागला. बोटं मात्र फारशी बोलत नसत.

मला ते बघवेना. म्हटलं, उजवीकडं मी बसतो. एवढी कळकळ माझ्या अंगी क्वचित येते, आणि येते तेव्हा लोकांनी जपून राहावं. नळदुर्गला निघालो, आणि गावाबाहेर पुढं कडब्याचा ट्रक लागला. साबांनी माझ्याकडं पाहिलं. शेतांत करडई फुललेली, माझी नजर तिकडं; शिवाय चाचीचं ते वाक्य आपल्या तोंडून निघावं अशी फार दिवसांची हौस. मी झोकात म्हणून टाकलं, "मोकळा है जी, चलो." समोरून एस.टी. येत होती.

शेतातून चालायची जीपची खोड होती म्हणून आम्ही वाचलो. करडईचे काटे मी दोन्ही हातांनी उपटत होतो, कुठून ते विचारू नका. साब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ती आधी बघायची मास्तर, मग बोलायची." आणि आम्ही परतलो.

पुढच्या रविवारपासून त्यांनी चाक उजवीकडं न्यायला घेतलं. आता कुणावाचून अडायला नको, म्हणाले. सोलापूरच्या भंगारातून स्टेअरिंग आणलं, पत्रा कापला, ब्रेक-क्लच हलवले. उरलेला हिवाळा त्यात गेला. मी पानदान धरून बसायचो. माझ्यावर तेवढाच भरवसा उरला होता.

जायच्या दिवशी साब शेरवानीत, अत्तर लावून, हातात गुलाबांची परडी. उजवीकडून जीपपाशी गेले. सीटवर हात फिरवला. मग सावकाश वळसा घालून डावीकडं, आपल्या जुन्या जागी जाऊन बसले. पुढं चाक नव्हतं, पत्र्याला नुसतं भोक.

"साब, चाक इकडं आहे," मी म्हणालो.

"तिथं ती बसते."

मला चालवता येत नव्हतं. त्यांना तिथं बसवत नव्हतं. ऊन चढलं, गुलाब माना टाकायला लागले. शेवटी मीच म्हटलं, "फुलं सुकतील, साब." ते उठले आणि परडी घेऊन स्टँडकडं चालू लागले, मीही मागोमाग.

बसमध्ये त्यांना पुढची, ड्रायव्हरच्या डाव्या हाताची जागा मिळाली. वाटेत एका बैलगाडीला मागं टाकायला बस उजवीकडं निघाली, तसे साब काचेपाशी झुकले. सडक शेवटपर्यंत बघितली आणि पुटपुटले, "मोकळा है जी, चलो." इंजिनाच्या आवाजात ते ड्रायव्हरला ऐकू गेलं नसावं. बस पुढं गेली.

मजारीपाशी ते एकटेच गेले. मी वेशीत थांबलो.

पुढच्या रविवारी जीपखालून पुन्हा पाय बाहेर. विचारलं, आता काय काढलं? आतून आवाज आला, "चाक परत डावीकडं नेतोय. तुम्ही वर बसा, तिच्या जागेवर. बघायची सवय करा."

मी उजव्या सीटवर बसलो. झुकलो. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. पिंपळाखाली एक शेळी मधोमध उभी होती.

"शेळी आहे साब," मी म्हणालो. "थांबा."

"शाबास," आतून आवाज आला. पायांची बोटं हलली, आणि मग दोन्ही अंगठे ताठ झाले.